त्याला अपघात म्हणू नका

थंडी पडली की आपल्या भागात एक बातमी ठरलेली असते. चार-पाच ओळींची, आतल्या पानावर. ‘बाथरूममध्ये गुदमरून तरुणीचा मृत्यू.’ ‘बंद खोलीत शेगडी पेटवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत.’ आपण वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो, ग्रुपवर हात जोडलेले दोन इमोजी टाकतो आणि पुढची पोस्ट बघतो. बातमीच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: अपघाती मृत्यूची नोंद झाली आहे.

मित्रांनो, मला या ‘अपघात’ शब्दाशी भांडायचं आहे.

रस्त्याने जाताना अंगावर झाडाची फांदी पडली तर तो अपघात. पण चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये कुणीतरी पैसे घेऊन गॅस गीझर ठोकला, कुणीतरी पैसे वाचवायला तो तिथेच ठोकायला सांगितला, आणि रोज सकाळी कडी लावून कुणीतरी आत जातंय, हे सगळं डोळ्यांसमोर असताना एक दिवस ती व्यक्ती बाहेर आली नाही, तर तो अपघात कसा? ती ठरलेली गोष्ट होती. फक्त तारीख ठरायची बाकी होती.

आधी माझ्या घरातलं सांगतो.

माझी आतेबहीण खानापूर तालुक्यातल्या एका गावची. आम्ही तिला ताई म्हणतो. कॉलेजसाठी बेळगावात आली, टिळकवाडीत तिघी मैत्रिणींनी मिळून एक खोली घेतली. डिसेंबरातल्या एका सकाळी ती अंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मैत्रिणींनी दार ठोठावलं, शेवटी कडी उचकटली. ताई खाली पडलेली, हात-पाय ताठ, तोंडाला फेस. दवाखान्यात नेलं. तिथे पोचेपर्यंत ती थोडी शुद्धीवर आली होती. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मैत्रिणींनी जे दिसलं ते सांगितलं. निदान झालं: फीट. गोळ्या सुरू झाल्या.

पुढचं तुम्हाला कळलं असेल. गावात बातमी पोचली, ‘पोरीला फिट येते.’ चालू असलेली सोयरीक थांबली. आत्याला कुणीतरी सांगितलं की बाहेरचं बघा, म्हणून दोन अमावास्या तिला घेऊन फिरले. गोळ्यांनी ताईला दिवसभर झोप यायची, अभ्यास बुडाला. आणि फेब्रुवारीत ती पुन्हा पडली. त्याच बाथरूममध्ये.

दुसऱ्या वेळी दवाखाना वेगळा होता. तिथल्या डॉक्टर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “दोन्ही वेळा बाथरूममध्येच? आत गॅसचा गीझर आहे काय?”

आहे. खिडकीला काच, काचेवर थंडी लागते म्हणून पुठ्ठा. दाराखाली फट नाही, कारण पाणी बाहेर येतं म्हणून मालकांनी उंबरा घातलेला. ताईला फीट कधी आलीच नव्हती. ती दोनदा कार्बन मोनॉक्साइडने मरता मरता वाचली होती. भारतातल्या डॉक्टरांनी या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावसुद्धा दिलेलं आहे, इतका तो वारंवार दिसतो.

आम्ही खोलीमालक काकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, “इतकी वर्षं पोरं राहालीत, आजवर कुणाला काय झालेलं नाही.” ताईने खोली सोडली. पुढच्या जूनमध्ये तिथे दुसऱ्या तिघी आल्या. गीझर तिथेच.

हे लिहायला बसण्याचं कारण ते शेवटचं वाक्य आहे.

आता हा वायू नेमका काय करतो ते नीट समजून घेऊया. कारण आपल्याकडे याबद्दल इतकं चुकीचं बोललं जातं की त्या चुकीनेच माणसं मरतात.

सगळ्यात मोठी चूक: ‘गॅस लीक झाला असेल.’ नाही. गळती हा वेगळा धोका आहे, त्यावर पुढे बोलू. इथे गॅस गळत नाही, तो जळतो. सिलिंडरचा एलपीजी असो की पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू, त्याला पूर्ण जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो. तो मिळाला तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसला आपल्याला जो वास येतो तो गॅसचा स्वतःचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तो जळताना जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. ‘वास आला की बाहेर येऊ’ म्हणणारा माणूस कधीच न येणाऱ्या वासाची वाट बघत असतो.

शरीरात काय होतं? आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे बसमध्ये जागा आहेत, पण त्यांवर दुसरंच कुणीतरी बसलेलं आहे आणि उठायला तयार नाही. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. मग गोंधळ होतो. आणि इथेच घात आहे: धोका ओळखायचा तो मेंदूच आधी बंद पडायला लागतो. कडीपर्यंत हात जात नाही. लोक म्हणतात, ‘ओरडली का नाही?’ ओरडायचं आहे हे कळायलाही शुद्ध लागते.

प्रमाण किती लागतं? हवेच्या १०,००० भागांत १६ भाग कार्बन मोनॉक्साइड झाला, तर साधारण वीस मिनिटांत डोकेदुखी आणि चक्कर सुरू होते आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. त्याहून जास्त असेल तर मिनिटांचा हिशेब.

आता बाथरूमचा हिशेब मांडूया, दहावीच्या विज्ञानावर होतो. चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. आत हवा सुमारे ५,४०० लिटर. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा छोटा गीझर आपल्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट गॅस जाळतो. दहा मिनिटांत त्याला सुमारे २,००० लिटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. म्हणजे एका अंघोळीत बाथरूममधली तिसरा हिस्सा हवा संपली, आणि ती संपायच्या बऱ्याच आधी ज्वलन बिघडलेलं असतं. त्यात तुम्हीही श्वास घेताय. तुमच्या आधी दादा अंघोळ करून गेला असेल तर तुमची सुरुवातच उरलेल्या हवेवर होते. म्हणून पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरला गेलेलं माणूस पडतं, आणि घरचे म्हणतात, ‘त्याला काय झालं नाही, मग हिलाच कसं झालं?’

यात नशीब कुठे आहे? गुणाकार-भागाकार आहे.

मग जबाबदार कोण?

पहिला, खोली भाड्याने देणारा. भाडं वाढवताना ‘गरम पाण्याची सोय आहे’ हे त्याला आठवतं. विजेचं बिल नको म्हणून गॅसचा गीझर बसवतो आणि पाइप कमी लागावा म्हणून आत बसवतो. चार-पाच फूट नळी आणि भिंतीला एक भोक, एवढ्या वाचवलेल्या खर्चासाठी तो दुसऱ्याची मुलं पणाला लावतो. इंग्लंडमध्ये घरमालकाला दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून गॅसच्या उपकरणांची तपासणी करून घ्यावी लागते आणि त्याचा कागद भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर गॅसचा बॉयलर किंवा हीटर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणंही मालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे मालक काय तपासतो? डिपॉझिट आलं की नाही ते.

दुसरा, बसवणारा. गीझरच्या खोक्यात माहितीचा कागद असतो. हवा खेळती हवी, बंद बाथरूममध्ये बसवू नये, अशा सूचना त्यावर असतात. फिटरदादा खोकं फाडतो, कागद पायाखाली जातो, भोकं पाडून तो पुढच्या कामाला. त्याला विचारा, “आत बसवलं तर चालतंय काय?” तो म्हणेल, “सगळे आतच बसवालेत की.” हे उत्तर ऐकून आपण निर्धास्त होतो. सगळे करतात म्हणजे बरोबर असणार.

तिसरे आपण. होय, तुम्ही आणि मी. पोटावर ‘बाथरूमबाहेर बसवा’ असा स्टिकर लावलेला गीझर आत लटकताना आपण रोज बघतो. पाहुण्यांच्या घरी बघतो, मित्राच्या रूमवर बघतो आणि काही बोलत नाही. ‘कशाला आगाऊपणा?’ मोठ्यांना कसं सांगायचं? आपल्या भागात मामाच्या घरी जाऊन ‘मामा, हा गीझर काढा’ म्हणणं उद्धटपणा आणि मामाच्या दहाव्याला जाणं संस्कार, असा काहीतरी उलटा हिशेब झालेला आहे.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

“आमची आज्जी चुलीच्या धुरात नव्वदीपर्यंत जगली.” जगली. कारण तिच्या घराला कौलं होती, कौलांत फटी होत्या, चुलीवर धुराडं होतं, न्हाणीला वर उघडा झरोका होता आणि पाणी तापवणारा बंब परड्यात किंवा न्हाणीच्या तोंडाशी होता. धूर डोळ्यांत जाऊन आज्जीला बाहेर काढायचा. त्या धुराने तिची फुप्फुसं खराब झाली असतील, तो वेगळा विषय. पण तिच्या घराला श्वास होता. आपण स्लॅब घातला, टाइल्स लावल्या, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, फटी सिलिकॉनने बुजवल्या आणि आत तिच्या चुलीहून जास्त जोराने पेटणारं यंत्र टांगलं. आज्जीचा दाखला या घराला लागू होत नाही.

“खिडकी आहे की.” आहे, पण उघडी आहे काय? जानेवारीत बेळगावात पहाटे बाथरूमची खिडकी कोण उघडी ठेवतं? आणि खानापूरकडे, कणकुंबीच्या बाजूला जो पाऊस पडतो, त्यात चार महिने खिडकी उघडायचा प्रश्नच नाही. ज्या सुरक्षेसाठी माणसाने रोज गारठ्यात खिडकी उघडायची आठवण ठेवावी लागते, ती सुरक्षा नव्हे.

“एक्झॉस्ट फॅन लावलाय.” फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत हवा येणार कुठून? दाराखाली फट किंवा जाळी नसेल तर फॅनचा उपयोग अर्धाच. फॅन लावून गीझर आत ठेवण्यापेक्षा गीझर बाहेर ठेवा, फॅन दमटपणासाठी ठेवा.

“मग काय गार पाण्याने अंघोळ करायची?” नाही. गीझर बाहेर, गॅलरीत किंवा उघड्या पॅसेजमध्ये बसवा, फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या. तोवर काय? दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, थोडं थांबा, मग आत जा. कडी लावून आत असताना गीझर चालू नको म्हणजे नको. यात एक रुपयाही लागत नाही.

“आमच्याकडे गीझर नाही, हे श्रीमंतांचं दुखणं.” तर मग शेगडीबद्दल बोलू, कोळशाच्या. निखारा लाल झाला, धूर थांबला की आपण म्हणतो, आता आत घ्यायला हरकत नाही. उलट आहे. धूर न करणारा निखारा भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो, आणि तो दिसत नाही. बंद खोलीत, दुकानाच्या गाळ्यात, शटर ओढून वॉचमनच्या केबिनमध्ये निखारे घेऊन झोपणं म्हणजे झोपेतच जाणं. उशाशी लाखाचा मोबाईल असला तरी फरक पडत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे फिरायला गेलेले केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत असेच गेले. थंडी होती म्हणून गॅसचा हीटर चालू, दारं-खिडक्या बंद. आठांत चार लहान मुलं होती. पैसे होते, खोली चांगली होती. हवा नव्हती.

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती आपल्या घरात, आपल्या आयांच्या मायेखाली चालते. बाळंतिणीची खोली. दार बंद, खिडकीला चादर, वारा लागू नये म्हणून फटींत कापड, आणि बाजेखाली शेगडी. बाळाला धुरी, आईला शेक. मला त्या मायेची चेष्टा करायची नाही. ओलं अंग, अशक्त बाई, पावसाळी घर, यांतून ती रीत आली. पण ती कौलारू घरातली रीत आहे. फ्लॅटमधल्या दहा बाय दहाच्या बंद खोलीत ती आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे. पोटातल्या बाळालाही हा वायू आईच्या रक्तातून पोचतो, म्हणून गरोदर बाईने तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. तुमच्या घरात बाळंतीण आली असेल तर आज्जीशी भांडू नका. खोलीची खिडकी वीतभर उघडी ठेवायला लावा, आणि शेगडी बाहेर ठेवून कापड बाहेर तापवून आणा. माया तेवढीच राहते.

आता गळतीबद्दल, कारण तीही आपण अर्धवटच जाणतो.

सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की तो जमिनीलगत पसरतो, कोपऱ्यात, कट्ट्याखालच्या कपाटात साचतो. म्हणून सिलिंडर ठेवायच्या बंद कपाटाला तळाशी भोकं हवीत. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो, तो हवेपेक्षा हलका. तो वर, छताकडे जातो. म्हणून तिथे वरचा झरोका महत्त्वाचा. बडोद्यातल्या आपल्या लोकांकडे पाइपचा गॅस जुना आहे. आता इतर शहरांतही नळ्या येतायत आणि सिलिंडरच्या सवयी तशाच चालू आहेत. घरात काय येतं ते आधी माहीत करून घ्या.

वास आला तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांपैकी काहीही चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. बटणात ठिणगी पडते, ती दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं अक्षर आणि वर्ष वाचा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत त्याची चाचणी वैध असते. मुदत उलटलेला सिलिंडर परत द्या. नळी आयएसआय छापाची, आणि पाच वर्षांत बदललेली हवी. ज्योत निळी असेल तर ठीक. पिवळी-नारिंगी झाली, भांड्याचं बूड काळं पडायला लागलं, की बर्नरला हवा नीट मिळत नाही. मेकॅनिक बोलवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा आणि एलपीजी गळतीचा डिटेक्टर वेगळा. दुकानदार एकाच्या नावाखाली दुसरा खपवतो. विचारून घ्या.

आणि कुणी पडलंच तर? दार तोडा, पण धावत आत जाऊन तिथेच बसू नका. श्वास रोखून आत जा, गीझर बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. श्वास नसेल आणि तुम्हाला छातीदाबन येत असेल तर लगेच सुरू करा. १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हे बोला: “बंद जागेत गॅस गीझर चालू होता” किंवा “शेगडी चालू होती.” बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, कारण हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड हे त्याला ओळखता येत नाही. ते ९८ दाखवत राहील आणि माणूस जात राहील. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायला सांगा. साध्या हवेत तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन लावला तर तास-दीड तास. हा फरक जीव वाचवतो. आणि वाचलेल्या माणसाला काही आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात अडखळणं असं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरकडे न्या. हा त्रास उशिरानेही डोकं वर काढतो.

ताईच्या मैत्रिणींना हे एक वाक्य माहीत असतं तर तिची ती वाया गेलेली थंडी वाचली असती, गोळ्या वाचल्या असत्या, अमावास्या वाचल्या असत्या.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो.

ताईच्या गीझरवर सूचना होती. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. गॅस एजन्सीतला फलक कानडीत. माझी आत्या फक्त मराठी वाचते. जिवाशी गाठ असलेली सूचना माणसाला कळणाऱ्या भाषेत मिळावी ही मागणी राजकारण नाही, ती साधी गोष्ट आहे. आणि ती हवेतलीही नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात जी संरक्षणाची चौकट मान्य झालेली आहे, तिच्यात ज्या भागात अशा भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात असं आहे. राज्यघटनेच्या ३५०ब कलमाने त्यावर देखरेखीसाठी खास अधिकारी नेमलेला आहे. सिलिंडर देणाऱ्या मोठ्या कंपन्या सरकारी मालकीच्याच आहेत. तेव्हा एजन्सीत जा आणि लेखी अर्ज द्या: सुरक्षेची माहिती कानडीबरोबर मराठीतही हवी. पोच घ्या. कानडी शेजाऱ्यालाही सोबत घ्या, कारण त्याच्या आईला इंग्रजी स्टिकर वाचता येतो असं थोडंच आहे?

पण खरं बोलूया. स्टिकर मराठीत असता तर आपण वाचला असता काय? दुकानाच्या पाटीवर मराठी नाही म्हणून आपला जीव वरखाली होतो, व्हायलाच हवा. तोच जीव बाथरूमच्या कडीमागे रोज टांगणीला लावताना आपल्याला काही वाटत नाही. ज्या भाषेसाठी आपण भांडतो त्या भाषेत आपल्या आईला ‘गीझर चालू ठेवून कडी लावू नको’ एवढं एक वाक्य आपण सांगितलेलं नाही. त्यासाठी कुणाची परवानगी लागत होती?

म्हणून मागणी मागणीच्या जागी राहू द्या, काम आजपासून सुरू करा. गल्लीतल्या तरुण मंडळाने एक पान मराठीत छापावं आणि घरोघरी द्यावं. संक्रांतीचं हळदीकुंकू ऐन थंडीत येतं. वाणाच्या डब्याबरोबर तो कागद जाऊ द्या, घराघरातल्या बायकांपर्यंत त्याहून चांगली टपाल नाही. गावाकडून शिकायला येणाऱ्या पोरापोरींनी खोली बघताना वायफायच्या आधी बाथरूम बघावं. गीझर आत असेल तर मालकांना तोंडावर सांगा, “काका, हा बाहेर घ्या, मगच डिपॉझिट देतो.” एकाने सांगितलं तर काका हसतील. सलग पाच जणांनी सांगितलं तर फिटरला फोन करतील. आणि जो ऐकत नाही त्या खोलीबद्दल पुढच्या बॅचला सांगून ठेवा.

ताई आता बरी आहे. गोळ्या बंद झाल्या, डिग्री पूर्ण झाली. गावात मात्र अजून कुणीतरी हळूच विचारतं, “त्या पोरीला फिट येत होती न्हवं?” तो शिक्का पुसायला तिला जेवढा त्रास झाला, तेवढा त्या गीझरची जागा बदलायला कुणालाही झाला नसता.

टिळकवाडीतल्या त्या खोलीत सध्या कोण राहतं मला माहीत नाही. मी काकांना दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा करणार आहे. तुमच्या ओळखीतही अशी एक खोली आहे. तुम्हाला ती माहीत आहे, वाचताना ती डोळ्यांसमोर आलीच असणार. आज संध्याकाळी तिथे फोन लावा. उद्या सकाळी तिथे कुणीतरी अंघोळीला जाणार आहे.